बालागियाची धुरी

आमच्या गावात सकाळी उठलेलं माणूस आधी शेजाऱ्याच्या धुराड्याकडे बघतं, स्वतःची चूल नंतर. थंडी उणे पन्नास अंशांच्या खाली उतरली की धूर हलत नाही, छपरावर खांब रोवल्यासारखा उभा राहतो. ज्या छपरावर खांब नाही तिकडे हातातलं टाकून पळायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. गावात घरं किती असं कुणी विचारलं तर आमची म्हातारी माणसं अजून 'धूर इतके' असंच सांगतात.

त्या जानेवारीत एका सकाळी बालागियाच्या छपरावर खांब नव्हता.

मी पिठाच्या हातांनीच धावले. घरात कुणी नाही. अंगणात बादली उपडी, आणि तिच्यातलं पाणी बादलीचाच आकार घेऊन शेजारी पडलेलं. गोठ्याचं दार ढकललं तर ही बाई दोन गायींच्या मधे आडवी, एकीच्या पोटाला पाठ लावून. आदल्या संध्याकाळी पाणी आणताना घसरली, कंबरेनं दगा दिला, उभं राहता येईना. घर लांब, गोठा जवळ, म्हणून सरपटत गोठ्यात शिरली. डाव्या हाताचा मोजा वाटेत कुठं गळाला तो गळाला. गायींनी रात्रभर तिला ऊब दिली, म्हणून ती उरली. मला बघून म्हणाली, "ओग्दो, आलीस ते बरं झालं. धार राहिलीय."

"धार गेली चुलीत! तू जिवंत आहेस का ते सांग आधी!"

"जिवंत नसते तर धारेचं बोलले असते का? आणि आवाज खाली घे. कुग्दा बुजते."

बालागिया ही अशी. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, नाकावर माशी बसू न देणारी. नवरा, खाबिरीस नाव त्याचं, केव्हाच वारला. मागे दोन गायी, बांडी एरियेन आणि तांबूस कुग्दा. हिवाळ्यात त्या तळ्यावर पाणी प्यायला निघाल्या की कास गारठू नये म्हणून त्यांना सशाच्या कातड्याच्या चोळ्या शिवून घालायची, आणि आम्हा बायकांना म्हणायची, "बघा, तुमच्यापेक्षा माझ्या पोरी नटलेल्या." इस्पितळात तिची डाव्या हाताची गारठून मेलेली दोन बोटं काढली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. परत आली तेव्हा गाव बघायला जमलं. ती म्हणाली, "धारेला अंगठा आणि पुढची दोन बोटं लागतात. ही दोन नुसती बसून खात होती."

हसली ती एकटीच. तिचा मुलगा मितेरेय हसला नाही. तो याकुत्स्क शहरात असतो, नदीच्या पलीकडे, नवव्या मजल्यावर. एकुलता एक. आईला इस्पितळातून घेऊन आला त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून नुसता बसून राहिला. मी पुढ्यात ठेवलेल्या दुधाच्या चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही.

त्यानंतर त्याचे फोन सुरू झाले. बालागियाला ऐकू कमी येतं म्हणून ती फोन मोठ्यानं लावते, त्यामुळे मायलेकांची भांडणं मला कुंपणाच्या अलीकडे फुकट ऐकायला मिळतात.

"आई, गायी विकू. मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय. इकडे ये. नळ सोडला की गरम पाणी येतं."

"दूध येतं का नळाला?"

"दूध दुकानात मिळतं."

"मग तुझ्या दुकानातल्या गाईला आई म्हण."

महिनाभर हे असंच. शेवटी एकदा वैतागून ती म्हणाली, "ज्या वसंतात मला माझं अंगण साफ करता येणार नाही, त्या वसंतात येते. तोवर माझं डोकं खाऊ नको." मितेरेयनं हे वाक्य मनात धरून ठेवलं.

अंगण साफ करणं म्हणजे आमच्याकडे केर काढणं नव्हे. हिवाळाभर गोठ्यातलं शेण बाहेर टाकायचं, ते पडतापडता दगड होतं. एकावर एक करत मार्चपर्यंत अंगणात शेणाचा डोंगर उभा राहतो. तो पहारीनं फोडून, घसरगाडीवर लादून, बर्फ कडक आहे तोवर कुरणात नेऊन टाकायचा. एप्रिलच्या उन्हात तो अंगणातच वितळला तर संपलंच. गुरं गुडघाभर राड्यात उभी राहतात आणि त्यांचे खूर सडतात. त्या वर्षीचा हिवाळा इतका क्रूर होता की गुरं गोठ्याबाहेर पडलीच नाहीत, आणि बालागियाचा डोंगर खिडकीच्या वर गेला होता.

मार्चपासून ती रोज पहार घेऊन उभी. पहार उजव्या हातात, डाव्याच्या तीन बोटांचा नुसता आधार. ठण्ण, ठण्ण. मी घरच्या भट्टीतून पाव काढून बाहेर यायचे तेव्हाही ठण्ण, ठण्ण. मदतीला गेले की म्हणायची, "तू मारलेला घाव माझ्या हिशेबात धरणार नाही तो. जा, चहा ठेव." एप्रिल अर्धा सरला तेव्हा डोंगर कमरेइतका उरला होता. ती जिंकत आली होती.

आणि नदीवरचा बर्फाचा रस्ता बंद व्हायच्या जरा आधी मितेरेय येऊन थडकला.

"बस झालं, आई. उरलेलं मी करतो. तू ओग्दोताईकडे चहा पी जा." असं गोड बोलून त्यानं तिला माझ्याकडे पाठवलं, आणि माझ्याच नवऱ्याला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. माझा नवरा लोगोन्तोय म्हणजे शुद्ध सांगकाम्या. त्याला सांगितलं 'सगळं उचल', त्यानं सगळं उचललं. आम्ही दोघी खिडकीत बसून चहाबरोबर घावन खात होतो आणि मी मूर्ख म्हणत होते, "लेक बघ कसा राबतोय."

बालागिया घरी गेली. मीही पाठोपाठ. अंगण चाटूनपुसून ठेवलेल्या ताटासारखं. ती मधोमध उभी राहिली आणि मागच्या, आमच्या खिडकीतून न दिसणाऱ्या कुंपणाकडे बघायला लागली. तिथं लार्च झाडांच्या सालींखाली दोन उन्हाळे वाळवलेल्या शेणाच्या लाद्यांची थप्पी असायची. तिथं आता चौकोनी ओली जमीन होती.

"थप्पी कुठाय?"

"सगळं साफ केलं, आई."

"मी विचारलं थप्पी कुठाय."

"उकिरड्यावर. गावाबाहेर."

लोगोन्तोयनं ट्रॅक्टरवरच मान खाली घातली. काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं. जूनमधे आमच्याकडे डास येतात. येतात म्हणजे आभाळच खाली उतरतं. उघड्यावरची गाय चरत नाही, आटते, वासरांची नाकंतोंडं भरून ती गुदमरतात. त्यावर उपाय एकच, अंगणात वाळल्या शेणाची धुरी. सकाळ-संध्याकाळ गायी आपणहून पळत येऊन त्या धुरात उभ्या राहतात. थप्पी नाही म्हणजे धुरी नाही, आणि धुरी नाही म्हणजे गाय नाही.

"तुला माहीत होतं," बालागिया म्हणाली.

"होतं." मितेरेयनं नजर चुकवली नाही, हे मात्र त्याचं मानलं पाहिजे. "लहानपणी धुरी मीच घालायचो. डोळे माझेच चुरचुरायचे."

"म्हणजे मुद्दाम."

"मुद्दाम. नावेची फेरी सुरू झाली की जूनमधे येतो, गिऱ्हाईक घेऊन. माझ्यावर किती चिडायचं ते चीड. पण डासांत तू गुरं उभी करणार नाहीस. स्वतःचे हाल करशील, त्यांचे नाही."

असा घाव फक्त पोटचं पोरच घालू शकतं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण त्याचे लाल झालेले डोळे बघून हात मागेच राहिला. बालागिया मात्र शांत होती. म्हणाली, "रस्ता बंद व्हायच्या आत नीघ. नदी तुझ्यासाठी थांबायची नाही."

दुसऱ्या दिवशी गावच्या कार्यालयातली वार्वारा आली. वसंतातल्या स्वच्छतेच्या महिन्याची सगळी सूत्रं तिच्याकडे. तिनं ते चकचकीत अंगण पाहिलं, हरखली, आणि फाटकावर पत्र्याची पाटी ठोकली: 'आदर्श अंगण'. बालागियानं पाटी वाचली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मला वाटलं, मोडली बिचारी.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे घसरगाडीचा आवाज आला. बाहेर बघते तर बालागिया कमरेला दोर बांधून उकिरड्याच्या वाटेला लागलेली. पहाटे बर्फावर कडक पापुद्रा असतो, त्यावरून गाडी पळते. दुपारी ऊन लागलं की तोच पापुद्रा दगा देतो, माणूस मांडीपर्यंत आत. म्हणजे जे काही करायचं ते पहाटे, आणि तेही बर्फ पुरता मऊ व्हायच्या आत.

मी शाल गुंडाळून मागे धावले. "ताई, वेड लागलंय का? उकिरड्यावरून शेण परत आणणार?"

"शेण नाही. माझा जून आणतेय."

उकिरड्यावर बाटल्या, डबे, मेलेली कुत्री. त्यातून ती लादी लादी निवडून काढायची, झटकायची, तिचा वास घ्यायची आणि गाडीवर ठेवायची. वास कशाला, म्हटलं. म्हणाली, "आपली ओळखू येते." घरी आणून त्याच चौकोनी ओल्या जागेवर रचायची. गाव कुंपणाकुंपणाशी उभं राहून हसायचं. सगळं गाव अंगणातली घाण बाहेर नेतंय आणि ही एकटी आत आणतेय!

लोगोन्तोयच्या घशाखाली घास उतरेना. त्यात माझं तोंड चालूच. शेवटी एक दिवस तो मला न सांगता ट्रॅक्टर घेऊन गेला, एक खेप भरली आणि तिच्या फाटकाशी आणून ओतली. टोपी काढून उभा राहिला. "ताई, चूक झाली. एवढं घे."

बालागियानं ढिगाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "उचल."

"आत रचू का?"

"आत नाही. जिथून आणलंस तिथं ने."

"अगं, पण तुझंच आहे!"

"माझंच आहे म्हणून सांगते. जूनमधे तो येईल आणि म्हणेल, लोकांनी केलं, तुला नाही जमलं. मग मी काय सांगू? ने परत. उद्या मी घेऊन येईन."

ओक्स्ये, काय सांगू! माझ्या नवऱ्यानं ती अख्खी खेप परत उचलली आणि उकिरड्यावर टाकून आला. मी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पहाटे बालागिया दोर बांधून निघाली आणि तीच खेप घसरगाडीनं थोडी थोडी आणायला लागली.

वार्वाराही येऊन गेली. थप्पी बघून किंचाळलीच. "ताई! घाण बाहेर न्यायची असते, आत नाही! मी आदर्श अंगण लिहून बसले!"

"मग पाटी काढून ने."

वार्वारानं खिळा उपटायला खूप झटापट केली. खिळा निघाला नाही, पाटी वाकली, नख मात्र तुटलं. ती गेल्यावर बालागियानं कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं एका फटक्यात पाटी उतरवली, उलटसुलट करून पाहिली. "पत्रा चांगलाय," म्हणाली आणि थप्पीवर ठेवून दिली.

मग एका पहाटे पापुद्रा फुटला. मी पाहिलं ते नुसतं तिचं डोकं आणि खांदे. छातीपर्यंत आत, गाडी कलंडलेली, लाद्या विखुरलेल्या. मी ओरडत गेले, हात धरला. त्या तीन बोटांनी तिनं माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ होता. बाहेर निघाली, बर्फावर पालथी पडून धापा टाकत राहिली. मी घाबरून रडायला लागले. "सोड आता, ताई. झालं तेवढं पुरे."

"रडतेस काय! ती बघ, तिकडची लादी पाण्यात जाईल. घे ना."

मी घेतली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला हात लावू दिला, तोही एकाच लादीला. त्यानंतर बर्फ संपला, वाट चिखल झाली, गाडी भिंतीला टेकली. तेव्हा निम्म्याच्या वर थप्पी परत आली होती. उरलेली उकिरड्यावर भिजून गेली. निम्मी पुरेल का, हे तिलाही माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी थप्पीपुढे उभी राहून ती ओठ हलवत लाद्या मोजायची, ते मी पाहिलंय.

मे सरता सरता नदी फुटली. मग फेरी सुरू झाली, लार्चना हिरवी सुई आली, आणि एका ढगाळ संध्याकाळी कानाशी तो ओळखीचा आवाज आला. पहिले डास. मी भट्टीचं दार बंद करून बाहेर आले तर कुंपणापलीकडून निळसर धूर जमिनीलगत पसरत येत होता. बालागियानं आगीला लोण्याचा गोळा दिला, ओठातल्या ओठात काही बोलली, आणि लादीवर ओलं गवत दाबलं. एरियेन नि कुग्दा कुरणातून शेपट्या वर करून धावत आल्या आणि धुरात डोळे मिटून उभ्या राहिल्या. ती त्या दोघींच्या मधे उभी राहिली. जानेवारीत मला सापडली होती तशीच, फक्त आता उभी.

मितेरेय बोलल्याप्रमाणे आला. ट्रक घेऊन, आणि शेजारच्या गावचा तेरेन्तेय नावाचा गुरांचा गिऱ्हाईक घेऊन. दोघं ट्रकमधून उतरले आणि डासांनी त्यांना असं घेतलं की बोलायला तोंड उघडायची सोय नाही. हातानं फटके मारत, माना झटकत दोघं अंगणात आले आणि थबकले. समोर धुरी, धुरात गायी, गायींमधे आई. आणि मागे थप्पी.

"हे कुठून आणलंस?"

"तू टाकलंस तिथून."

"कुणी आणलं?"

"मला काय विचारतोस? गावाला विचार."

मला राहवलं नाही. कुंपणावरूनच म्हटलं, "तिनंच आणलं, एकटीनं. लोगोन्तोयनं एक खेप आणली तर तीही परत पाठवली. एक लादी तेवढी मी आणली, खोटं कशाला बोलू!"

मितेरेयनं गायींकडे पाहिलं. बालागिया बाजूला झाली. "ने. मी आडवी येणार नाही. दावं तिथं खुंटीला आहे."

तेरेन्तेयनं एरियेनच्या मानेला दावं लावलं आणि ओढलं. ती चार पावलं आली. धुरातून बाहेर पडल्याबरोबर तिच्या तोंडावर, डोळ्यांवर, कासेवर डासांचा थर बसला. तिनं एकच हिसडा दिला आणि परत धुरात. तेरेन्तेय दाव्यासकट मागे फरफटला. कुग्दाला हात लावायला गेला तर ती बालागियाच्या मागे जाऊन उभी राहिली. तिसऱ्या वेळी तेरेन्तेय स्वतःच धुरात घुसला आणि बाहेर येईना. खोकत म्हणाला, "मितेरेय, जूनमधे धुरीवरची गाय कुणी ओढतं का? मला बोलवायचं तर पानगळीला बोलव." त्यानं दावं सोडून दिलं. धुरात नुसता उभा राहिला, गायींच्या रांगेत तिसरा.

मितेरेय बाहेर उभा होता. चेहरा सुजायला लागला होता, तरी हट्टानं उभा. आईचाच मुलगा.

"आत ये, मूर्खा," बालागिया म्हणाली.

तो आला. धूर कमी व्हायला लागला होता. त्याचा हात आपणहून थप्पीकडे गेला, एक लादी मोडली, आगीवर ठेवली, वर गवत दाबलं.

"मोडलेली बाजू खाली. विसरलास."

त्यानं ती उलटी केली. मग एकदम बोलला, आणि आवाज फुटला त्याचा. "जून जाईल गं. हिवाळ्याचं काय? परत पडलीस तर? मी नदीपलीकडे, रस्ता बंद... मला झोप लागत नाही, आई."

इतक्या दिवसांत ही खरी गोष्ट तो पहिल्यांदा बोलला. बालागियानं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिचा हात त्याच्या सुजल्या गालावर गेला, तोच, तीन बोटांचा.

"पडेन तर पडेन. इथं माझ्या छपरावर धूर नाही दिसला तर ही ओग्दो पिठाच्या हातांनी धावत येते. तुझ्या नवव्या मजल्यावर धुराडंच नाही. तिथं मी पडले तर कोण कशाकडे बघून धावणार?"

मितेरेयनं आणखी एक लादी मोडली आणि आगीवर ठेवली, या वेळी बरोबर. धुरानं सगळ्यांचेच डोळे वाहत होते, त्यामुळे कोण रडलं हे सांगता येत नाही. माझ्यापुरतं सांगते, मी धुरात नव्हते.

ट्रक रिकामा गेला. मितेरेय राहिला, गवत कापून झाल्यावरच गेला. जाताना नव्या शेणाच्या लाद्या थापून, वाळत घालून गेला. थप्पी शेवटच्या डासापर्यंत पुरली, अगदी घासून. पावसात धुरी विझू नये म्हणून बालागिया आगीवर तिरका पत्रा टेकवायची, आणि वाऱ्यानं पत्रा उलटला की वाटसरूला काजळी धरलेली अक्षरं दिसायची, 'आदर्श अंगण'.

आता परत जानेवारी आहे. बाहेर पन्नासच्या खाली. रोज सकाळी मी पीठ मळायला बसते तेव्हा माझा फोन वाजतो. मितेरेय नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच शब्द विचारतो, "धूर?" मी खिडकीवरचा बर्फ नखानं खरवडते, बघते आणि सांगते, "आहे."

हे बालागियाला कुठून कळलं देव जाणे. त्या दिवसापासून ती गावात सगळ्यांच्या आधी चूल पेटवते. काल फोन चालू असताना दार लाथेनं उघडून आत आली, माझ्या हातातून फोन हिसकावला आणि ओरडली, "जळतोय माझा धूर! तू तुझ्या पोटाला खा काहीतरी!"

फोन माझ्या हातात कोंबून ती तरातरा गेली. धार राहिली होती.